टिपणीस

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण कर्वे रस्त्याजवळच्या आमच्या तळघरातल्या पूल हॉलमध्ये ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे तो टिपणीस. क्यूच्या टोकाला चामड्याची एक इवलीशी चकती चिकटवलेली असते, पूलच्या क्यूवर साधारण 13 मिलिमीटरची, स्नूकरच्या क्यूवर त्याहून बारीक. तिला टिप म्हणतात. आपल्या खेळातल्या सगळ्या बऱ्यावाइटाचं मूळ या चकतीत आहे, अशी या गृहस्थाची ठाम श्रद्धा आहे. शॉट बसला तर टिप चांगली, नाही बसला तर टिप वाईट. या हिशेबात हात, डोळा, कोपर, रात्रीचं जागरण आणि दुपारची मिसळ यांना कुठेच जागा नाही.

माणूस सज्जन. पिंपरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आयुष्य गेलं. दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे, मायक्रॉनचा फरक काढायचा आणि लाल शिक्का मारून परत पाठवायचे, हे इतकी वर्षं केलं की स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याला घरात रिजेक्ट करायला वस्तू पुरेनात. पोळ्यांचा व्यास मोजताना वहिनींनी त्याला पकडलं आणि संध्याकाळी कुठेतरी जाऊन येत जा, असं जरा जोर देऊन सुचवलं. तो आमच्याकडे आला.

आमच्या हॉलचा कारभार मामांच्या हातात. मामा मार्कर आहेत. बिलियर्ड्स रूममधला मार्कर म्हणजे गुण मांडणारा, रॅक लावणारा, कापडाला ब्रश मारणारा, जोडीदार आला नाही तर खेळणारा आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देणारा माणूस. पहिल्या दिवशी मामांनी टिपणीसच्या हातात हॉलचा क्यू दिला. त्याने नेम धरला, मारला, टिप घसरली आणि व्हाइट बॉल भलतीकडे गेला. पहिल्यांदा मिसक्यू झाला की माणूस ओशाळून हसतो. टिपणीसने क्यू उलटा केला, टिप डोळ्यांजवळ नेली आणि खिशातून व्हर्नियर काढला. पूल खेळायला येताना व्हर्नियर घेऊन येणारा माणूस मामांनी त्याआधी पाहिला नव्हता.

“झिजलीय,” टिपणीस म्हणाला.

“साहेब, तुमचं डोकं वर आलं,” मामा म्हणाले.

दोघांची ओळख झाली ती ही, आणि आजतागायत दोघेही आपापल्या निदानावर ठाम आहेत.

आता त्याच्याकडे स्वतःचा क्यू आहे, आणि क्यूपेक्षा जास्त जपलेला एक डबा आहे. मूळचा तो मिसळणाचा डबा. वहिनींनी नवा घेतल्यावर जुना यांच्याकडे आला. मोहरीच्या वाटीत एल्क मास्टरच्या टिपा, निळसर, मऊ, एकाच जाड तुकड्यातून कापलेल्या. जिऱ्याच्या वाटीत ले प्रो, त्या जरा कडक. हळदीच्या वाटीत ट्रँगल. त्यापुढच्या वाट्यांत जपानी माल: मूरी आणि कामुई. कातड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून दाबून केलेल्या या टिपांवर तो श्वास रोखून बोट ठेवतो. मधल्या लहान डबीत, जिथे पूर्वी हिंग असायचा, तिथे फिनॉलिकची चकती आहे. ती चामड्याची नसते. ब्रेकला पंधरा बॉल फोडताना दगडासारखी आदळावी म्हणून तिची योजना. टिपणीसचा ब्रेक त्यानंतरही नवजात बालकाने मारल्यासारखा लागतो, पण आवाज मात्र तळघराच्या जिन्यापर्यंत ऐकू येतो.

जपानी थरांच्या टिपांसाठी कातडं डुकराचं वापरतात, हे वहिनींना अजून ठाऊक नाही. घरात त्यांचा उल्लेख ‘इम्पोर्टेड लेदर’ असा होतो. किंमत सांगताना एक शून्य गाळलं जातं.

टिप बदलणं हा त्याचा खरा खेळ. त्यासाठी कोपऱ्यातलं टेबल मामांनी त्याला कायमचं देऊन टाकलंय. आधी ब्लेडने जुनी टिप सपाट कापून काढायची. खाली फेरूल लागतो, म्हणजे लाकूड फाटू नये म्हणून टोकाला बसवलेलं पांढरं बूच. त्यावरचा जुना गोंद घालवायचा, पण घासताना टोक गोलसर होऊन चालत नाही, म्हणून टिपणीस काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून क्यू काटकोनात उभा धरतो. घासून झालं की एक डोळा मिटून दिव्याकडे बघतो. पुन्हा घासतो. मग फेविक्विकचा एक थेंब. दोन थेंब टाकणाऱ्या माणसाबद्दल तो फार वाईट बोलतो. टिप बसवून अंगठ्याने दाबून धरायची, आणि या अंगठ्याच्या अवधीत तो कुणाशी बोलत नाही. फोन वाजला तर मामा घेतात आणि “साहेब दाबतायत” असं सांगून ठेवून देतात. वहिनींना आता त्याचा अर्थ कळतो.

गोंद धरला की क्यू उलटा करून टोक फळीवर टेकवायचं आणि फेरूलच्या बाहेर आलेली कड ब्लेडने सोलत आणायची. इथे ब्लेड एक केस आत गेलं तर फेरूलवर ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठला की टिपणीस चहा घेत नाही. शेवटी टिपेला घुमट द्यायचा. अमेरिकेत हा घुमट नाण्यावरून ठरवतात: कुणाला निकेलच्या कडेइतका पसरट आवडतो, कुणाला त्याहून लहान डाइमच्या कडेइतका उभार. टिपणीसने यावर देशी तोडगा काढलाय. गेंड्याचं चित्र असलेली स्टीलची पावली, व्यास 19 मिलिमीटर, म्हणजे निकेल आणि डाइम यांच्या साधारण मधली. 30 जून 2011 नंतर सरकारने चार आणे चलनातून काढून टाकले, पण या एका पावलीला अजून काम आहे. ती घुमटाला लावून तो मागून मोबाइलचा प्रकाश टाकतो, आणि फट दिसली तर पॉलिश पेपर पुन्हा बाहेर येतो. मग कडेला जराशी थुंकी लावून 10 रुपयांच्या कोऱ्या नोटेने, क्यू मांडीवर गरागरा फिरवत, कड चकाकेपर्यंत घासायची. असं केलं नाही तर काही दिवसांत टिप दबते आणि कडेने अळंबीसारखी बाहेर पसरते. हे सगळं होईस्तोवर हॉल बंद व्हायची वेळ होते. टिपणीस चॉक लावतो, एकच बॉल मारतो, मागे सरून टिपेकडे बघतो आणि म्हणतो, “जरा हार्ड वाटते.”

हार्ड असली की दुसऱ्या दिवशी सॉफ्ट. सॉफ्ट लावली की बॉल ‘चिकटून सुटतो’. मग मीडियम. मीडियमला ‘व्यक्तिमत्त्व नाही’.

त्याला शास्त्र सांगून बघायला हरकत नव्हती, म्हणून सांगून बघितलं. टिप आणि बॉल यांचा स्पर्श होतो तो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. टिप मऊ असेल तर किंचित जास्त. बॉलला फिरकी किती मिळणार, हे मुख्यतः तुम्ही मध्यापासून किती बाजूला मारता त्यावर ठरतं, आणि मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याच्या पुढे गेलात की कुठलीही टिप घसरते. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा, तेव्हा मध्यापासून 14 मिलिमीटर ही आपली लक्ष्मणरेषा. टिपेचं काम एवढंच, की तिने चॉक धरून ठेवावं आणि आकार सोडू नये. बाकी सगळं क्यू धरणाऱ्याकडे. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांच्या धड्यात भेटणारा कोरिओलिस, त्याने 1835 साली या खेळाच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

टिपणीसने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. क्वालिटी कंट्रोलवाला माणूस पुरावा ऐकतोच.

“कोरिओलिसकडे कामुई होती का?” त्याने विचारलं.

“1835 साली?”

“नव्हती ना? मग?”

इतिहास मात्र त्याला तोंडपाठ आहे, अर्थात टिपेपुरता. एकेकाळी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असायचं, आणि बॉलच्या मध्यापासून जरा बाजूला मारलं की घसरायचं. चामड्याची टिप रुळवली फ्रँस्वा मँगो या फ्रेंच कप्तानाने, आणि तीही तुरुंगात. राजकीय कारणावरून आत गेलेला हा माणूस कोठडीतल्या बिलियर्ड टेबलावर प्रयोग करत बसला आणि 1807 साली सुटला तेव्हा फिरकीची सगळी विद्या घेऊन बाहेर आला. दंतकथा अशी की सुटकेचा हुकूम आला तेव्हा त्याने, अभ्यास पुरा व्हायचाय, अशा सबबीवर शिक्षा वाढवून मागितली. इतिहासकार याला दंतकथा म्हणतात. टिपणीस म्हणत नाही. त्याला स्वतःला टेबलासकट सहा महिने साधी कैद झाली तर तो वकील देणार नाही, आणि वहिनीही देतील असं वाटत नाही.

मामांना या इतिहासातला एकच माणूस आवडतो. इंग्लंडातल्या बाथ शहरातला जॅक कार, हाही मार्करच. टिपेला खडू लावला की ती घसरत नाही, हे याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने साधी खडूची पूड छोट्या डब्यांत भरून ‘ट्विस्टिंग पावडर’ म्हणून गिऱ्हाइकांना चांगल्या भावात विकली. टिपणीसने हा किस्सा सांगितला तो चॉकचं महत्त्व पटवण्यासाठी. पुढे 1897 साली शिकागोतल्या स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी सिलिका वगैरे घालून आजच्या चॉकचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून चॉकमध्ये खडू उरलेला नाही, इथपर्यंत त्याची गाडी पोचली होती. मामा मात्र पावडरीच्या डबीपाशीच थांबले होते. त्यांनी नंतर पुन्हा एकदा विचारून घेतलं, “केवढ्याला विकायचा म्हणालात?”

स्थानिक इतिहासावर टिपणीस नाराज आहे. विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे. 1958 साली कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच. दुसरा कुणी पुणेकर यावरून इथल्या पाण्याचं काहीतरी सिद्ध करून मोकळा झाला असता. टिपणीस विचारतो, जोन्स टिप कुठली वापरायचे? हॉलमध्ये हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या मते मराठी क्रीडालेखनाचं हे सर्वात मोठं अपयश आहे.

दुधाचं प्रकरण सांगायला हवं. अमेरिकेतल्या पूलवाल्यांची एक घरगुती कृती आहे. एल्क मास्टरची मऊ टिप रात्रभर दुधात बुडवायची आणि मग व्हाइसमध्ये आवळून वाळवायची. टिप घट्ट होते, मार टिकून राहतो, पसरत नाही, असं म्हणतात. तिकडे मिळणाऱ्या कॅरमेलच्या एका गोळीवरून तिला ‘मिल्क डड’ म्हणतात. टिपणीसला हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न पडला, गाईचं की म्हशीचं? अमेरिकेत हा प्रश्न उद्भवत नसावा. त्याने चितळ्यांची दोन्ही दुधं आणली, दोन वाट्यांत टिपा सोडल्या, वाट्यांवर तारीख-वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्या. फ्रिजच्या दमटपणाने चिठ्ठ्या सुटल्या. म्हशीच्या दुधाची वाटी वहिनींनी बाहेर काढली, कोमट केली आणि सवयीने तिला विरजण लावलं.

सकाळी आतून हाक आली, “अहो, दह्यात हे निळं काय आहे?”

“लागलंय का घट्ट?” टिपणीसने विचारलं.

त्याला दह्याची काळजी नव्हती हे वहिनींना नंतर कळलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं की नाही याची माहिती मिळत नाही. संध्याकाळी मात्र तो दह्यातली टिप धुऊन, व्हाइसमध्ये आवळून घेऊन आला होता. ती वाळून क्यूवर चढली तेव्हा त्याने लागोपाठ तीन बॉल पॉट केले. चौथा चुकला. “विरजण जास्त झालं,” तो म्हणाला.

आणि मामा, टेबलाला ब्रश मारता मारता, “साहेब, डोकं वर येतंय.”

मामांच्या या वाक्याकडे आम्हीही कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. पूलमध्ये शॉट मारताना डोकं उचलणं हा सगळ्यांचाच रोग. बॉल गेला का हे बघायची घाई असते, तेवढ्यात खांदा हलतो आणि क्यू वाकडा जातो. टिपणीसचं डोकंही त्याच घाईने वर येत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याचा खुलासा झाला तो अचानक. फेरूलला बारीक चीर गेल्यामुळे त्याचा क्यू भोसरीला एका लेथवाल्याकडे गेला होता. क्यू नाही म्हणून न येणं त्याला जमेना. आला, भिंतीवरच्या स्टँडमधला हॉलचा सात नंबरचा क्यू नाइलाजाने उचलला आणि एका कॉलेजच्या पोराबरोबर खेळायला उभा राहिला. आणि खेळला की! लांबचे कट गेले. एका शॉटला स्क्रू मारला तर व्हाइट समोरच्या बॉलला लागून दोराने ओढल्यासारखा मागे आला. पोरगं बघत राहिलं. मामांनी ब्रश खाली ठेवला.

मला तेव्हा दिसलं ते असं, की शॉट मारून झाल्यावरही टिपणीस तसाच वाकलेला राहत होता, हनुवटी क्यूवर. त्याचं डोकं आजवर वर यायचं ते पॉकेटकडे बघायला यायचंच नाही. बॉल सुटतो न सुटतो तोच टिपेने काम कसं केलं हे बघायला ते वर यायचं. आज टिप हॉलची होती. तिच्याकडून अपेक्षा शून्य, तेव्हा तपासणीचा प्रश्न नव्हता.

हे मी त्याला सांगणार होतो. त्याआधीच त्याने सात नंबर उलटा केला आणि टिपेवरून अंगठा फिरवला. चेहरा बदलला. “मामा, ही टिप कुठली?”

“तुमचीच साहेब.”

“माझी?”

“दिवाळीआधी कापून टाकली होती बघा, व्यक्तिमत्त्व नाही म्हणून. तुम्ही टाकता त्या मी डब्यात ठेवतो. हॉलच्या क्यूंना त्याच लावतो. मालक टिपांना पैसे देत नाहीत.”

म्हणजे गेली कित्येक वर्षं आमच्या तळघरात तासावर खेळणारी, टिपेने जमिनीवर ठोका देणारी, चॉक लावायचं विसरणारी, क्यूला टेकून कटिंग पिणारी पोरं जपानी थरांच्या टिपांवर खेळत होती, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. आता टिपणीसला काहीतरी उमगणार, असं तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं. मामा तर पुढे येऊन उभे राहिले. टिपणीसने आणखी एकदा अंगठा फिरवला.

“मुरली,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. “पोरांनी मुरवली. इतके दिवस मी नव्या टिपा लावतोय रे! नवी टिप कच्ची असते. तिला आधी दुसऱ्याच्या हाताखाली घालायला पाहिजे.”

डोक्याचा मुद्दा मी मांडलाच. “त्याचा काय संबंध?” असं त्याने विचारलं आणि तो कामाला लागला.

सध्याची पद्धत अशी आहे. टिपणीस नव्या टिपा विकत घेतो आणि हॉलच्या क्यूंवर चढवतो. प्रत्येक क्यूला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असतं: टिपेचा प्रकार, लावल्याची तारीख, सुरुवातीची उंची. पोरांना त्या क्यूने खेळायची विनंती केली जाते आणि त्या तासाचे पैसे तोच भरतो. पोरांनी आधी त्याची चेष्टा केली. मग फुकटचे तास बघून कार्डं वाचायला लागली. आता इंजिनिअरिंगचं एखादं पोरगं शॉट चुकलं की क्यू उलटा करून टिपेवर अंगठा फिरवतं आणि भुवया आकसून म्हणतं, “काका, ही जरा हार्ड वाटते.” टिपणीसला याचा किती आनंद होतो ते शब्दांत सांगणं कठीण. तो लगेच व्हर्नियर काढतो. तीनही टेबलांवर आता शॉटगणिक डोकी वर येतात, इतकी की मामांनी बोलायचं सोडून दिलंय.

ते वेगळ्याच कामात आहेत. मुरलेल्या टिपा ते कापून घेतात, पुसतात आणि चॉकच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून ठेवतात. नव्या टिपेपेक्षा मुरलेलीचा भाव जास्त आहे. परवा टिपणीसने त्यातली एक दिव्यासमोर धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, “ही कुणाच्या हातची?”

“एटीकेटीवाल्याची आहे साहेब,” मामा म्हणाले. “वर्षभर कॉलेजला गेलाच नाही, इथेच होता.”

टिपणीसने घासाघीस न करता पैसे काढून दिले आणि त्याच पोराची दुसरी आहे का, ते विचारलं.